जेलरोडचं आमचं मेडिकल: इथे 'नाही' ऐकायची तयारी ठेवा

नाशिकरोडच्या जेलरोडला आमच्या कॉलनीच्या तोंडाशी एक मेडिकल आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या फार्मासिस्ट मॅडमनीच सांगितलंय, "काका, काय लिहायचं ते लिहा, पण दुकानाची जाहिरात नको." जेलरोडच्या लोकांना खुणेवरून कळेल: दारात जुना वजनकाटा, शेजारी तुळशीची कुंडी, आणि काउंटरमागे पांढरा कोट घातलेली एक बाई, साधारण पस्तिशीची. गेली अडीच वर्षं आमच्या घरची सगळी औषधं तिथूनच येतात. माझी बीपीची, हिची थायरॉइडची, साखरेची आणि गुडघ्याची.

आधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून घ्यायचो. तिथे १५ टक्के सूट मिळायची, फोन केला की मुलगा पिशवी घरी टाकून जायचा. हिला थायरॉइडची २५ मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, सकाळी उपाशीपोटी. एकदा पिशवीतून १०० ची बाटली आली. तीच कंपनी, तशीच बाटली, तसंच झाकण, फरक फक्त लेबलावरच्या आकड्याचा. आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. तीन आठवड्यांनी हिच्या छातीत धडधड व्हायला लागली, हात थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा, रात्र रात्र झोप नाही. आम्हाला वाटलं हृदयाचं दुखणं. कार्डिओग्राम झाला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, शेवटी डॉक्टर म्हणाले, "घरात जी औषधं आहेत ती सगळी घेऊन या बरं." बाटली हातात घेतली आणि ते गप्पच झाले.

मी ती बाटली घेऊन दुकानात गेलो. उत्तर मिळालं, "काका, घेताना बघून घ्यायचं ना." बिल मागितलं तर एका चिठ्ठीवर नुसती रक्कम. बॅच नंबर नाही, औषधाचं नाव नाही. ती बाटली त्यांच्याच दुकानातून आली हे मी कशाच्या आधारावर सिद्ध करणार होतो?

मी नोट प्रेसमध्ये ३४ वर्षं काढली. तिथे मोजणीचं महत्त्व माणसाच्या अंगात भिनतं. एक शीट इकडची तिकडे झाली तर ती सापडेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, दोघांच्या आकड्यांचा मेळ, मग पुढचं काम. त्यामुळे या मेडिकलमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी औषधाच्या आधी कामाची पद्धत पाहिली.

मॅडम प्रिस्क्रिप्शन हातात घेऊन आधी शेवटपर्यंत वाचतात. मग त्यांचा मदतनीस मुलगा औषधं काढून एका निळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवतो. एका ट्रेमध्ये एकाच माणसाची औषधं. तो ट्रे मॅडमकडे जातो, त्या प्रत्येक पाकीट उलटं करून मागचं बारीक छापलेलं नाव, ताकद, मुदत बघतात, आणि प्रिस्क्रिप्शनवर त्या ओळीपुढे पेन्सिलीने टिंब करतात. बिलावर बॅच नंबर, मुदत आणि खाली कोपऱ्यात दोन आद्याक्षरं: एक काढणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. ती दोन अक्षरं बघून मला प्रेसची आठवण झाली आणि मी हिला घरी येऊन सांगितलं, आता दुकान बदलायचं नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो, कारण हे सगळं लिहायचं कारण ती आहे.

मुलगी दुबईला असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे जायचं ठरलं. हिचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच वर्षी मार्चमध्ये झालेलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दुखण्यासाठी ट्रामाडॉल असलेली गोळी दिली होती, दहा दिवसांची. नंतरही कधी जास्त चालणं झालं की ही त्यातली एखादी घ्यायची. परदेशात डॉक्टर महाग, औषध महाग, म्हणून मी विचार केला की ६० गोळ्या इथूनच नेऊ. मार्चचं प्रिस्क्रिप्शन घेऊन मेडिकलमध्ये गेलो.

मॅडम म्हणाल्या, "काका, हे देता येणार नाही. यावर दहा दिवस लिहिलंय आणि तारीख मार्चची आहे."

मी म्हटलं, "ऑपरेशन झालेलं तुम्हाला माहीत आहे. औषध तुम्हीच दिलंत."

"तेव्हा दिलं. आता नवीन चिठ्ठी लागेल. २०१८ पासून हे औषध अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, आणि एच-वन या कडक यादीतल्या औषधांच्या रजिस्टरला डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, किती दिलं ते सगळं लिहावं लागतं. ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं असतं. मी काय लिहू त्यात?"

मला राग आला. नेहमीचा गिराईक, आणि माझ्या बायकोच्या दुखण्याच्या गोळ्या मला मिळत नाहीत. मी चिठ्ठी उचलली आणि निघालो. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानात दोन मिनिटांत सहा पट्ट्या मिळाल्या. प्रिस्क्रिप्शन कुणी मागितलं नाही, बिल कुणी दिलं नाही. घरी येऊन मी त्या पट्ट्या बॅगेत चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवल्या.

रात्री मुलीशी फोनवर बोलताना मी सहज म्हटलं, आईच्या गोळ्यांची सोय झाली. तिने नाव विचारलं. मी पट्टीवरून वाचून दाखवलं. फोनवर क्षणभर शांतता. "बाबा, त्या गोळ्या आणू नका. परवानगीशिवाय तर अजिबात आणू नका. इथे ट्रामाडॉल, कोडीन ही नियंत्रित औषधं आहेत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी शटर उघडायच्या आधी मी मेडिकलच्या पायरीवर उभा होतो. मॅडमनी काही बोलायच्या आत स्टूल पुढे केलं आणि विचारलं, "काका, कुठे निघालात? एवढ्या गोळ्या एकदम लागतात म्हणजे प्रवास असणार." काल त्यांनी विचारलं नव्हतं, कारण मी विचारायला वेळच दिला नव्हता.

दुबई म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मग कळलं की लग्नाआधी त्यांनी शारजाच्या एका फार्मसीत तीन वर्षं नोकरी केली होती. तिथे नियंत्रित औषधांचं कपाट वेगळं, किल्ली फार्मासिस्टच्या ताब्यात, गोळी अन् गोळी रजिस्टरला. "तिथे परवाना गेला की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसा गेला," असं त्या म्हणाल्या. प्रवासी माणसाचं काय होतं ते सांगण्यासाठी त्यांनी मला इजिप्तचं एक प्रकरण सांगितलं, आणि ते मी नंतर स्वतः वाचून खात्री केली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये एक ब्रिटिश बाई सुट्टीवर तिथे गेली, सामानात २९० ट्रामाडॉल गोळ्या. पाठदुखीने हैराण असलेल्या जोडीदारासाठी नेल्या असं तिचं म्हणणं. विमानतळावरच पकडली गेली. डिसेंबरमध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली आणि ती सुटली जानेवारी २०१९ मध्ये. हे आमच्यासारखंच प्रकरण होतं. घरातल्या माणसाचं दुखणं, घरातल्या माणसाने नेलेल्या गोळ्या.

मग त्या म्हणाल्या, "काकूंची बाकीची औषधं दाखवा." मी यादी पुढे केली. बोट एकेका नावावरून सरकत गेलं आणि प्रीगाबालिनवर थांबलं. साखरेमुळे हिच्या तळपायाची आग होते, त्यासाठी रात्री एक कॅप्सूल असते. मला ती अगदी साधी वाटायची. "ही पण तिथल्या नियंत्रित यादीत आहे," मॅडम म्हणाल्या. "ट्रामाडॉल सोडता येईल, ही सोडता येणार नाही. हिची परवानगी काढा."

आणि निघता निघता त्यांनी जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. "काकू अनारसे नेतायत का?"

दिवाळीला लेकीकडे निघालेली आई अनारसे नेणार नाही तर काय! तांदूळ भिजत घातलेले होते, गूळ आणलेला होता, खसखसही आणलेली होती. मॅडम म्हणाल्या, "खसखस नेऊ नका. अमिरातीत बंदी आहे, सौदीत आहे. खसखस अफूच्या बोंडातलीच, तिच्यात मॉर्फिनचा अंश असतो म्हणून." आमच्या घरात खसखस म्हणजे शिरा, अनारसे, बाळंतिणीची खीर. ती कुठल्या देशात गुन्ह्याची वस्तू असेल हे आमच्या दोघांच्या स्वप्नातही नव्हतं. हिने त्या वर्षी पहिल्यांदा रव्यावर अनारसे थापले. जाळी नेहमीसारखी पडली, पण वरून दाणे नसलेला अनारसा बघताना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्रामाडॉल बंदच केलं, साधं पॅरासिटामॉल आणि व्यायाम पुरे म्हणाले. प्रीगाबालिनचं नवं प्रिस्क्रिप्शन आणि एक पानाचा रिपोर्ट दिला, त्यात औषधाचं मूळ नाव, डोस, किती दिवस ते सगळं स्वच्छ. मॅडमनी तो रिपोर्ट वाचून पासपोर्टवरचं नाव आणि रिपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं. हिच्या नावात एक अक्षर कमी होतं, ते डॉक्टरांकडून परत दुरुस्त करून आणायला लावलं. मुलीने तिथल्या आरोग्य खात्याकडे ऑनलाइन अर्ज केला, आठवड्याभरात परवानगी आली. बिल, प्रिस्क्रिप्शन, रिपोर्ट, परवानगी, सगळं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, कॅप्सूल मूळ पाकिटात, आणि फोल्डर हातातल्या बॅगेत. या सगळ्या मार्गदर्शनाचा मॅडमनी एक रुपया घेतला नाही. माझं बिल त्या दिवशी ४१२ रुपये झालं होतं.

त्या सहा पट्ट्यांचं काय करायचं विचारलं तर त्या म्हणाल्या, आमच्याकडून गेलेलं नाही, मला परत घेता येणार नाही. पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि मग टाका, म्हणजे कचऱ्यात हात घालणाऱ्या कुणाच्या पोटात जायच्या नाहीत. मी एकेक गोळी दाबून काढत होतो तेव्हा ही शेजारी बसून मोजत होती. साठ.

दुबईच्या विमानतळावर आमची एक बॅग बाजूला काढली गेली. अधिकाऱ्याने डबे उघडायला लावले. फोल्डर दिलं तर त्याने परवानगीचा कागद पाहिला, पाकिटावरच्या नावाशी ताडून पाहिला आणि परत दिला. अनारशांच्या डब्याला मात्र वेळ लागला. एक अनारसा उचलून त्याने अंगठा फिरवला, वास घेतला, रव्याचे कण बोटावर घेऊन उजेडात धरले. ही माझा दंड घट्ट धरून उभी होती. त्याने अनारसा परत ठेवला, झाकण लावलं आणि हाताने जा म्हणून खूण केली. बाहेर लेक उभी होती, ती दिसेपर्यंत हिने माझा हात सोडला नाही.

तिकडून आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. माझा भाचा इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला असतो, तिथे एका फार्मसीत औषधं भरून देण्याचं काम करतो. त्याला फोन केला की म्हणतो, "मामा, आज काय विचारायचंय?" त्याच्याकडून कळलं की तिथे औषधाच्या प्रत्येक लेबलावर दोन छोटे चौकोन असतात. एकात काढणाऱ्याची सही, एकात तपासणाऱ्याची. म्हणजे आमच्या मॅडमच्या बिलावरची दोन आद्याक्षरं.

आणि त्याच्याच गावात १८५८ साली जे झालं ते ऐकून मी सुन्न झालो. मिठाईवाले तेव्हा साखर वाचवायला स्वस्तातली भुकटी मिसळायचे, जिप्समसारखी. एका मिठाईवाल्याचा माणूस ती आणायला औषधवाल्याकडे गेला. मालक आजारी, अंथरुणात. त्याने नवख्या मदतनिसाला सांगितलं, माळ्यावर कोपऱ्यातल्या पिंपातून दे. मदतनिसाने पिंप चुकवलं. १२ पौंड वजनाचं आर्सेनिक, म्हणजे जालीम विष, गेलं. त्याच्या मिठाईच्या गोळ्या झाल्या, बाजारात विकल्या गेल्या, सुमारे २० माणसं मेली, त्यांत मुलं होती, २०० हून जास्त आजारी पडली. खटला झाला, पण शिक्षा कुणालाच झाली नाही. आर्सेनिक विकताना घेणाऱ्याचं नाव लिहा, सही घ्या, त्यात काजळी नाहीतर नीळ मिसळा म्हणजे साखर समजून कुणी खाणार नाही, असा कायदा १८५१ पासून होता. मोडणाऱ्याला २० पौंडांपर्यंत दंड. पण काउंटरमागे उभं कोण राहतं, त्याला काय येतं, याला काही बंधन नव्हतं. ते १८६८ च्या फार्मसी कायद्याने आलं.

दोन पिंपं, दोन्हींत पांढरी भुकटी. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या घरातली ती थायरॉइडची बाटली आली.

भाच्याने सांगितलेली दुसरी गोष्ट अलीकडची. २००७ मध्ये विंडसरला एका फार्मासिस्ट बाईच्या हातून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या जागी प्रोप्रानोलॉल हे बीपी-हृदयाचं औषध दिलं गेलं. दोन्ही नावं 'प्र'ने सुरू होणारी. दिवसभराचं थकवणारं काम, चुकीचं पाकीट. ज्या आजीबाईंना ते गेलं त्या नंतर वारल्या. २००९ मध्ये त्या फार्मासिस्टला तीन महिन्यांची स्थगित कैद झाली, पुढच्या वर्षी अपिलात ती जाऊन ३०० पौंड दंड राहिला. पण त्यानंतर तिथले फार्मासिस्ट इतके धास्तावले की झालेली चूक वहीत लिहायलाही घाबरायला लागले. अखेर २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: नेकीने काम करताना चूक झाली आणि कळताच पेशंटला कळवण्याची पावलं उचलली, तर बचावाचा आधार मिळतो. मला हे फार पटलं. चूक लपवणाऱ्याची आणि चूक सांगणाऱ्याची शिक्षा एकच असेल, तर सांगेल कोण?

लबाडीचं मात्र वेगळं. अमेरिकेत कॅन्सस सिटीला एक फार्मासिस्ट कॅन्सरच्या पेशंटची केमोची औषधं पातळ करून विकायचा, पैशांसाठी. तो सापडला कसा, तर हिशेबात. औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या लक्षात आलं की डॉक्टर जेवढं औषध मागवतायत त्यापेक्षा हा कंपनीकडून खूपच कमी घेतोय. आकडे जुळेनात. २००२ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली. तिथेच मॅसॅच्युसेट्समध्ये एका फार्मसीने अस्वच्छ जागेत बनवलेल्या इंजेक्शनांमुळे २०१२ मध्ये बुरशीचा मेंदूज्वर पसरला, साठाहून जास्त माणसं गेली. त्या फार्मसीच्या प्रमुखाला आधी नऊ वर्षं, नंतर वाढवून साडेचौदा वर्षं मिळाली. हे वाचताना मला एकच वाटत होतं, प्रेसमधल्यासारखा रोजच्या रोज मेळ कुणीतरी घातला असता तर त्या कॅन्सरच्या माणसांची वर्षं वाचली असती.

सिंगापूरलाही असंच कडक. नोंदणी नसलेलं औषध विकलं तर ५०,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. इंग्लंडमध्ये आज काही तीव्र विषं सामान्य माणसाला लायसन्सशिवाय घरात ठेवता येत नाहीत, ठेवली तर दोन वर्षांपर्यंत कैद.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. ॲसिडचंच घ्या. सुप्रीम कोर्टाने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की विकणाऱ्याने रजिस्टर ठेवायचं, फोटो असलेलं ओळखपत्र बघायचं, कारण विचारायचं, १८ वर्षांखालच्याला द्यायचं नाही, साठा लपवला तर ५०,००० पर्यंत दंड. आणि आमच्याच भागात संडास धुवायचं ॲसिड मी जुन्या पाण्याच्या बाटलीत भरून विकताना पाहिलंय, लेबल नाही, रजिस्टर नाही, शेजारी गोळ्या-चॉकलेटची बरणी. मी त्या माणसाला बोललो. तो म्हणाला, "काका, वीस रुपयांच्या बाटलीला कुठे वही ठेवू?" ब्रॅडफर्डच्या माळ्यावरचं ते पिंप तेव्हा मला दिसत होतं. मी त्याला ती सगळी हकीगत दुकानात उभा राहून सांगितली. निदान बरणी त्याने त्या दिवशी दुसऱ्या फळीवर नेली.

आता आमच्या मेडिकलच्या उणिवा, कारण त्या लपवणं बरोबर नाही. सूट मिळत नाही म्हणजे नाहीच. गोळे कॉलनीत होलसेलला जे पडतं त्याची तुलना इथे करू नका. संध्याकाळी सात ते नऊ गर्दी असते, आणि मॅडम प्रत्येक पाकीट उलटं करून बघत असल्यामुळे रांग हलत नाही, वीस मिनिटं धरूनच चला. बसायला स्टूल एकच आहे, गुडघेदुखीच्या माणसांसाठी आणखी दोन ठेवावेत असं मी तीनदा सांगितलंय. मदतनीस मुलगा कामाला चोख पण तोंडाने तुटक आहे, म्हाताऱ्या माणसाने दोनदा विचारलं की वैतागतो. गाडी लावायला जागा नाही. मॅडम जेवायला गेल्या की दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली, आणि त्या वेळात मुलगा बँडेज, सॅनिटरी पॅड, ओआरएस देईल, पण प्रिस्क्रिप्शनचं औषध देणार नाही. एकदा भर उन्हात मी इन्सुलिनसाठी परत गेलो तेव्हा मला त्याचा त्रास झाला होता. पण फार्मासिस्ट जागेवर नसताना औषध द्यायचं नाही हा नियमच आहे, आणि तो पाळणारं दुकान मी नाशिकरोडला फार पाहिलेलं नाही.

आणि चूक त्यांच्याही हातून झाली आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री सव्वानऊला फोन आला. "काका, मेडिकलमधून बोलतेय. संध्याकाळी तुम्हाला बीपीची गोळी गेली ती ४० ची गेली असावी, तुमची २० ची आहे. रात्रीचा साठा मोजताना एक पट्टी जुळत नाहीये. आधी पाकीट बघा, आणि ४० असेल तर घेऊ नका." मी पाकीट बघितलं. ४० होती. गोळी घ्यायला मी जेवण व्हायची वाट बघत होतो. दहा मिनिटांत भर पावसात मॅडम स्वतः रेनकोट घालून दारात, हातात बरोबर पट्टी, आणि सोबत नवं बिल. त्यांनी कारण सांगितलं नाही, सबब सांगितली नाही. "चूक माझी, तपासणीची सही माझी होती," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून २० आणि ४० ची खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर गेली, मी स्वतः जाऊन पाहिलं.

माझा फोन नंबर त्यांच्याकडे होता, कारण दर बिलाला त्या तो विचारतात. पूर्वी मला वाटायचं, जाहिरातीचे मेसेज पाठवायला घेत असतील. अडीच वर्षांत एक मेसेज आलेला नाही. फोन एकदाच आला.

परवा शेजारच्यांचा मुलगा नोकरीसाठी जपानला निघाला. बॅगेत आईने सर्दीच्या गोळ्यांच्या पाच पट्ट्या भरलेल्या. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो म्हणाला, "आजोबा, सर्दीचीच तर गोळी आहे." वाटेत त्याला टोकियोची गोष्ट सांगितली: २०१५ मध्ये एका मोठ्या मोटार कंपनीच्या अमेरिकन अधिकारी बाईंनी ऑक्सिकोडोन नावाची दुखण्याची गोळी अमेरिकेतून पार्सलने मागवली आणि अटक झाली. जवळजवळ तीन आठवडे कोठडी, खटला झाला नाही, पण नोकरी गेली.

मेडिकलमध्ये गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा मॅडमनी पट्टी घेतली, उलटी केली आणि चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्यांजवळ धरून बारीक अक्षरं वाचायला लागल्या. "यात नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन आहे. जपानला हे दहा टक्क्यांच्या वर चालत नाही." मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, मॅडम, लवकर करा. त्यांनी वर पाहिलं नाही. दुसरं खोकं काढलं, तेही उलटं केलं, आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.